वॉट डब्यावर, भार मनगटावर

हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडर मागायची एक ठरलेली रीत आहे. ‘चारचा दाखवा’ किंवा ‘सातचा दाखवा’ एवढं म्हटलं की चकतीचं इंचांतलं माप कळतं. मग कंपनी कुठली, किती वॉटचा, गॅरंटी किती आणि शेवटी ‘लास्ट किती?’ मशीन डब्यातून बाहेर निघतं, एका हातात तोललं जातं, बटण एकदा चालू-बंद होतं आणि मशीन परत डब्यात जातं. ज्या अवस्थेत ते तोललं गेलं, त्या अवस्थेत त्याला पुढे एक मिनिटही काम करायचं नसतं. गार्ड बसवलेला नसतो, बाजूची मूठ प्लॅस्टिकच्या पिशवीत असते, चकती नसते, केबल घडीत असते. आणि पुष्कळदा तोलणारा हातही वेगळाच असतो. पैसे मोजतो मालक किंवा ठेकेदार. दिवसभर धरतो तो फॅब्रिकेशनच्या शेडमधला पोरगा किंवा फाउंड्रीतला कास्टिंग घासणारा फेटलर. माझं म्हणणं असं की ग्राइंडरचा आराम ही चैनीची बाब नाही. तोल, मुठीचा घेर आणि थरथर या तिन्ही गोष्टी एकाच हिशेबात येतात. तो हिशेब वॉटच्या आकड्यापेक्षा जास्त काटेकोरपणे मांडता येतो, आणि मांडला तर तो मालकाच्याही फायद्याचा निघतो.

सातारा-सांगलीत हा विषय काढायला कारण आहे. १९१० साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे वाडी वसवली. त्याआधी बेळगावात त्यांनी बनवलेला लोखंडी नांगर दोन वर्षं खपत नव्हता, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्याची समजूत होती. सातारा रोडला कूपरांच्या कारखान्यातूनही लोखंडी नांगर आणि इंजिनं बाहेर पडली. आता त्याच मुलखात द्राक्षाचा मांडव लोखंडी अँगलवर उभा असतो. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडे बागेसाठी अँगल कापायचे, भोकं पाडायची, वेल्डिंग करून सांधे घासायचे, हे गावागावांतल्या वर्कशॉपचं काम. बेदाण्याच्या शेडची रॅक, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, रोलिंग शटर, जिन्याची रेलिंग ही त्याच शेडमधली कामं. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपला की रेठरे बुद्रुकपासून साखराळ्यापर्यंत देखभालीचे महिने सुरू होतात. ऊस तोडणाऱ्या कटरच्या सुऱ्यांवर वेल्डिंगचा थर चढवून घासायचा, पाइपांचे सांधे साफ करायचे, पत्रे कापायचे. कुपवाड, मिरज, पलूस, कोडोली, तासवडे या औद्योगिक वसाहतींत आणि आसपासच्या फाउंड्र्यांत कास्टिंगवरची बर, म्हणजे कडेला राहिलेला जादा धातू, काढायची असते ती वेगळीच. यांतलं एकही काम ग्राइंडरवाचून होत नाही.

मशीन मुळात अवघड आकाराचं आहे, हे आधी मान्य करायला हवं. वेगवान हातग्राइंडर जर्मनीत १९५४ साली बाजारात आला. स्टाइनहाइम इथल्या आकरमान उंड श्मिट या कंपनीने तो आणला आणि त्याची मांडणी आजही जवळपास तीच आहे. मोटार नळीसारख्या आडव्या अंगात, पुढे काटकोनात वळलेलं गिअरचं डोकं, त्या डोक्याखाली चकती. डोकं धातूचं, आत गिअर, बेअरिंग, स्पिंडल. त्यामुळे जडपणा पुढे. कुऱ्हाडीचं वजन पुढे असतं ते ठीकच आहे, कारण कुऱ्हाड घालायची असते. ग्राइंडर घालायचा नसतो, धरून ठेवायचा असतो, तोही एका कोनात, मिनिटामागून मिनिट. इथे वजनापेक्षा वजन कुठे आहे याला महत्त्व येतं. समजा दीड किलोचं एक मशीन आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य उजव्या मुठीच्या दहा सेंटिमीटर पुढे आहे. दुसरं मशीन दोन किलोचं, पण गुरुत्वमध्य सहा सेंटिमीटरवर. पहिल्याचा मनगटावरचा पीळ पंधरा मापं धरला तर दुसऱ्याचा बारा भरतो. म्हणजे काट्यावर अर्धा किलो जास्त भरणारं मशीन मनगटाला हलकं पडतं. दुकानात मशीन हातात घेऊन ‘हलकं आहे’ असा जो निकाल दिला जातो, त्याची किंमत एवढीच.

यावर कुणी म्हणेल, मशीन दोन हातांनी धरायचं असतं, मग एका मनगटाच्या पिळाचं काय घेऊन बसलात? बरोबर आहे. बाजूची मूठ डोक्याजवळ बसते ती याचसाठी. डाव्या हाताने भार उचलायचा, उजव्याने दिशा द्यायची, अशी ती वाटणी आहे. पण ही मूठ काढून ठेवली जाते, अडगळीत पडते, तिचे आटे मातीने भरतात. का काढली जाते, याचं उत्तर आळस असं देऊन भागत नाही. ट्रॉलीच्या चॅनलच्या कोपऱ्यात किंवा जाळीच्या दोन सळ्यांमध्ये ती अडते. काही मशीनला ती एकाच बाजूला बसते, आणि डावखुऱ्याला किंवा उलट्या कोनात काम करणाऱ्याला ती असून नसल्यासारखी होते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना आणि शक्य तर वरही आटे असलेलं मशीन घेतलं, तर मूठ जागेवर राहण्याची शक्यता वाढते. खरेदीच्या वेळी डोक्यावरची ही भोकं मोजायला दहा सेकंद लागतात. वॉट मोजायला घरी मीटर लागतो, आणि तोही खरं सांगत नाही. डब्यावरचे ८५० वॉट म्हणजे मशीन लाइनमधून किती ओढतं तो आकडा. चकतीपर्यंत त्यातलं साधारण निम्मं पोचतं, बाकीचं उष्णता, पंखा आणि गिअरमध्ये जातं. चांगल्या कंपन्या आत गेलेली आणि बाहेर आलेली अशा दोन्ही शक्ती माहितीपुस्तिकेत वेगवेगळ्या देतात. दोन मशीनची तुलना करायचीच असेल तर दुसऱ्या आकड्याने करावी. तो आकडा बिनकामाचा नाही. मोटार कमजोर असली की चकती दबते, कामगार जोर लावतो, मोटार तापते, आणि जोर लावलेला हात लवकर थकतो.

मुठीच्या घेराची गोष्ट त्याहून दुर्लक्षित. मशीनचं अंग म्हणजेच उजव्या हाताची मूठ. तिचा घेर आतल्या मोटारीच्या जाडीने ठरतो. मोटार स्वस्तात मोठी केली की घेर वाढतो. जास्त वॉटचं मशीन म्हणून मिरवणारं पुष्कळदा नुसतंच जाड असतं. जाड अंगावर बोटं अंगठ्याला भेटत नाहीत, आणि मग तळहाताऐवजी बोटांच्या टोकांनी आवळावं लागतं. यंत्राची मापं मुख्यत्वे युरोप-अमेरिका-जपानच्या बाजारांसाठी ठरलेली. भारतीय शरीराची मापं वेगळी पडतात म्हणूनच अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय मापांचा मोठा संदर्भग्रंथ छापला. तो इंजिनिअरिंग कॉलेजच्या लायब्ररीत असेल; ग्राइंडर घेणाऱ्याला तो उघडायची गरज नाही. मशीन गळ्यापाशी धरून बोटं आणि अंगठा यांच्यात किती फट राहते ते पाहिलं की पुरे. मात्र ही फट मशीन धरणाऱ्याच्या हाताने पाहायला हवी, आणि तो हातमोजे घालत असेल तर हातमोज्यासकट. त्यातच बटणाचा प्रश्न येतो. सरकबटण एकदा पुढे ढकललं की अडकून राहतं, बोट मोकळं होतं. नगावर मजुरी मिळणाऱ्याला तेच आवडतं. दाबून धरायचं पट्टीचं बटण हात सुटला की मशीन बंद करतं. सुरक्षेच्या बाजूने विचार केला तर दुसरंच घ्यावं, यात मला शंका नाही. पण ते दिवसभर दाबून धरायला जड जातं, ही तक्रारही खोटी नाही. म्हणून पट्टी लांब आहे का, ती एका बोटाऐवजी सगळ्या तळव्याने दाबली जाते का, हे बघावं. आखूड, ताठ पट्टीचं मशीन आणलं की दोन आठवड्यांत ती पट्टी तारेने बांधली जाते आणि सुरक्षेसाठी मोजलेले पैसे वाया जातात.

आता थरथर. तोल आणि घेर यांचा विचार करताना ती वेगळी ठेवण्याची सवय आहे. खरं तर सगळं येऊन मिळतं ते इथेच. चारच्या ग्राइंडरची चकती मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १८३. आता चकतीच्या मध्यापासून चार सेंटिमीटरवर एका बाजूला फक्त एक ग्रॅम वजन जास्त आहे असं धरा: कडेचा टवका उडालेला असेल, भोक किंचित सरकलेलं असेल, ओल एका बाजूने मुरलेली असेल. एवढ्या वेगात त्या एका ग्रॅमचा ओढा सुमारे ५३ न्यूटन होतो, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. तो सेकंदाला १८३ वेळा दिशा फिरवत स्पिंडलला ओढतो. सगळ्या मशीनचं वजन दोन किलो आणि त्याच्या आत साडेपाच किलोचा हा हिसका. मशीनच्या किमतीपुढे काहीच नसलेली चकती हाताचं काय करते, ते या गणितात दिसतं. आणि इथेच तोलाचा संबंध येतो. डोक्याकडे झुकणारं मशीन सावरायला हात घट्ट आवळावा लागतो, जाड मशीन धरायला तर अधिकच. मूठ जितकी घट्ट, तितकी थरथर यंत्रातून हाडांत जास्त शिरते. सैल पण ठाम धरता येणारं मशीन त्याच चकतीवर, त्याच वेगात, हाताला कमी थरथर देतं. तेव्हा तोल बघून घेणं म्हणजे कंप कमी करणंच आहे. ही दोन वेगळी कामं नाहीत.

हा कंप मोजायची रीत ठरलेली आहे. पुस्तिकेच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरांत ‘मीटर प्रति सेकंद वर्ग’ अशा एककात एक आकडा असतो आणि त्याशेजारी दीडच्या आसपास अनिश्चितता. छोट्या ग्राइंडरचा पृष्ठभाग घासतानाचा आकडा सर्वसाधारणपणे पाच ते नऊ-दहाच्या दरम्यान सापडतो. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशाने आठ तासांच्या दिवसाला २.५ ही दक्षतेची आणि ५ ही कमाल मर्यादा घातली. ती आपल्याला बंधनकारक नाही, पण तिच्यामागचं गणित इथेही तेच लागू पडतं. कंप दुप्पट झाला तर मुभा निम्मी होत नाही, चौथाईवर येते. पाचचं मशीन असेल तर दोन तासांत दक्षतेची पातळी गाठली जाते आणि आठ तासांत कमाल. सातच्या मशीनला तेच एक तास आणि चार तास. दहाच्या मशीनला अर्धा तास आणि दोन तास. ही वेळ चकती प्रत्यक्ष लोखंडावर चालू असण्याची. चहा, मोजमाप, नग उचलून ठेवणं यात धरलेलं नाही. वेल्डिंगच्या शेडमध्ये ती दिवसाला तासाच्या आत राहील. कास्टिंगवर दिवसभर बर काढणाऱ्याची ती कितीतरी जास्त होते. म्हणजे पाच आणि सात यांतला फरक पुस्तिकेत दोनचा दिसला तरी कामाच्या वेळेत तो दुपटीचा आहे.

या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा असंही मी म्हणणार नाही. तो प्रयोगशाळेतला आहे. तुमच्या शेडमधली टवका उडालेली चकती तिथे नव्हती. शिवाय आंतरराष्ट्रीय मापनपद्धती सावकाश हादऱ्यांना पूर्ण मोजते आणि वेगवान थरथरीला कमी धरते. ग्राइंडरची थरथर सेकंदाला १८३ वेळांची; तिचा हिशेबात साधारण अकरावा हिस्साच जमा होतो. बोटांच्या रक्तवाहिन्यांना ही वेगवान थरथर जास्त लागते की काय, यावर अभ्यासकांत वाद आहे. म्हणजे आकडा चुकत असला तर तो बहुधा कमीच दाखवतो. तरीही एकाच पद्धतीने मोजलेली दोन मशीनं शेजारी ठेवायला तो चांगला आहे. आणि ज्या पुस्तिकेत हा आकडाच नाही, तिच्याबद्दल निष्कर्ष काढायला फार अक्कल लागत नाही.

सगळ्यात जोरदार हरकत मात्र अनुभवाची असते: ‘आमच्याकडे माणसं वीस-वीस वर्षं ग्राइंडर चालवतात, काही होत नाही. हात बसतो.’ या हरकतीला हसण्यावारी नेऊन चालणार नाही. हाताच्या कंपाच्या आजाराचं पाठ्यपुस्तकी चित्र थंड देशांतलं आहे. १९१८ साली डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या खाणींत हवेच्या हातोड्यांनी चुनखडक घडवणारे कारागीर तपासले, तेव्हा सकाळच्या थंडीत त्यांची बोटं मेणासारखी पांढरी पडत होती. तशी बोटं इथे कुणाला फारशी दिसत नाहीत. पण त्याचं कारण हात दणकट असणं हे नव्हे. रक्तवाहिन्यांचं ते आकसणं थंडीने चेतवलं जातं, आणि एप्रिलच्या शेडमध्ये ती थंडी नसते. उष्ण देशांतल्या कामगारांचे जे अभ्यास झाले, त्यांत पांढरी बोटं विरळ, पण मुंग्या, बधिरपणा, पकड कमी होणं ही लक्षणं मात्र सापडतात. मज्जातंतूंची इजा हवामान बघत नाही. रात्री हात झटकत उठणं, सकाळी शर्टाचं बटण लावताना बोटं न वळणं, पेनापेक्षा पाना बरा वाटणं, याला आपल्याकडे ‘कामाचा त्रास’ म्हणतात आणि विषय तिथे संपतो. ‘हात बसतो’ या म्हणण्यात पुष्कळदा हात बधिर झाल्याचीच कबुली असते. आणखी एक गोष्ट: ज्यांना सोसलं नाही ते काम सोडून गेले, ट्रॅक्टरवर गेले, शेतीवर गेले. वीस वर्षांनी शेडमध्ये उरलेल्यांकडे बोट दाखवून मशीन निर्दोष ठरत नाही.

दुसरी हरकत तंत्राची आहे आणि तिच्यात तथ्य आहे. जड मशीन कामावर बसतं, उडत नाही. त्याच्या वस्तुमानानेच थरथर दबते. सपाट कास्टिंग टेबलावर ठेवून सातच्या ग्राइंडरने बर काढताना मशीनचं चार-पाच किलो वजन खरोखर मदत करतं. दाब तेच देतं, हाताने फक्त फिरवायचं. त्याच जागी चारचा हलका ग्राइंडर दिला तर कामगार अंगाचा जोर लावेल आणि दुप्पट वेळ लावेल. तेव्हा हलकं ते चांगलं हा नियमही तितकाच चुकीचा. पण तेच सातचं मशीन द्राक्षाच्या मांडवाखाली डोक्यावर धरून, किंवा ट्रॉलीच्या साट्याखाली उताणं पडून वापरलं की गणित फिरतं. वजन आता कामावर बसत नाही, खांद्यावर बसतं. शिवाय फिरती चकती आपला आस सोडायला राजी नसते. सुरू मशीन आडव्याचं उभं करताना ते हातात वळसा घेतं, आणि हा वळसा चकतीच्या आकाराबरोबर झपाट्याने वाढतो. एका शेडला एकच मोठा ग्राइंडर घेऊन सगळी कामं त्यावर काढायची ही जी काटकसर आहे, ती अशा ठिकाणी महाग पडते. एक सातचा आणि दोन चारचे ही मांडणी बहुतेक फॅब्रिकेशनच्या शेडला पुरते.

आता मोठ्या मशीनच्या उलटा प्रकार: छोट्या मशीनला मोठी चकती. गार्ड काढायचा आणि चारच्या ग्राइंडरवर पाचची, कधी सातची चकती चढवायची. चारच्या चकतीचं भोक १६ मिलिमीटर, पाच-सातच्या चकतीचं सव्वाबावीस; मधली फट वायसर घालून भागवली जाते. वायसर जरा जास्त सरकला की वर मांडलेलं एका ग्रॅमचं गणित कितीतरी पट होतं. आणि वेगाचं काय? या चकत्या सहसा सेकंदाला ८० मीटर कडेच्या वेगापर्यंत सुरक्षित म्हणून बनवलेल्या असतात. म्हणूनच सातच्या चकतीवर ८,५०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. ती ११,००० फेऱ्यांच्या मशीनवर चढवली की कड १०४ मीटरच्या वेगाने फिरते, ताशी पावणेचारशे किलोमीटरने, आणि समोर गार्ड नाही. लाकूड कापायचं दातेरी पातं चढवणाऱ्यांबद्दल काय लिहावं! पण इथेही नुसता कामगाराला बोल लावून हात झटकता येत नाही. गार्ड फिरवायला प्रत्येक वेळी स्क्रू ढिला करावा लागत असेल तर तो पहिल्याच आठवड्यात निघतो. खटका दाबून हाताने फिरणारा गार्ड टिकतो. आराम आणि सुरक्षितता इथे भांडत नाहीत. गैरसोयीची सुरक्षा शेडमध्ये राहतच नाही, एवढंच.

चकतीबद्दल एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. मधल्या भोकाभोवती पत्र्याची पातळ कडी असते, तिच्यावर महिना आणि साल कोरलेलं किंवा छापलेलं असतं. ती वापरायची शेवटची मुदत. राळेने बांधलेल्या चकतीला बनल्यापासून तीन वर्षं देतात. राळ ओल शोषते आणि बांधणी कमजोर होते. साताऱ्याच्या पश्चिमेला पाऊस किती पडतो ते सांगायला नको, आणि सांगलीच्या बाजारपेठेत २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत कृष्णेचं पाणी शिरलं होतं. बुडालेली मोटार वाळवून, आर्मेचर गुंडाळून घेऊन चालू करता येते. बुडालेली चकती वाळली तरी परत चकती होत नाही. ती फोडून टाकलेलीच बरी, म्हणजे दुसऱ्या कुणी चढवायला नको. दोन हजारांची भर घालून चांगलं मशीन घेणारा माणूस चकत्यांत दोन रुपये वाचवतो तेव्हा त्याची भर तिथेच फुकट जाते.

किमतीची आणि दुरुस्तीची हरकत मला सगळ्यात वजनदार वाटते. कुठल्या मशीनचे कार्बन, आर्मेचर, फील्ड, गिअर, बेअरिंग कराडात, विट्यात, इस्लामपुरात त्याच दिवशी मिळतात, हा प्रश्न माणदेशातल्या वर्कशॉपला तोलापेक्षा आधी पडतो, आणि पडायलाही हवा. हंगामात आठ दिवस बंद पडलेलं समतोल मशीन कुणाच्या कामाचं? जे मॉडेल सगळे वापरतात तेच घ्यावं, कारण त्याचे भाग पानपट्टीवर मिळाल्यासारखे मिळतात, हा व्यवहार शहाणपणाचा आहे. पण या हरकतीचा आवाका मर्यादित आहे. सर्वत्र भाग मिळणाऱ्या पाच-सहा मॉडेलांतही सडपातळ आणि जाड, पुढे झुकणारं आणि समतोल असा फरक असतोच. मी परदेशी गोळ्यांच्या कडीचं मशीन घ्या म्हणत नाही. काही युरोपीय ग्राइंडरांत स्पिंडलवर एक कडी असते, तिच्यातल्या पोलादी गोळ्या आपोआप असमतोलाच्या विरुद्ध बाजूला सरकतात. नामी युक्ती, पण तिचा दुरुस्तीवाला इथे कुठे शोधायचा? तसंच दुरुस्तीचाही तोलाशी संबंध आहे. झिजलेलं बेअरिंग आणि बाजारातलं कमी प्रतीचं आर्मेचर टाकलेलं मशीन चालतं, पण ते पहिल्यासारखं फिरत नाही. बटण बंद केल्यावर चकती थांबेपर्यंत जी घरघर येते आणि मधल्या एका वेगाला मशीन एकदम थरथरतं, तीच त्याची खूण. कार्बन बदलायला आलेल्या मशीनचं बेअरिंगही त्याच वेळी पाहून घ्यावं. मशीन एकदाच उघडायचं आहे.

बॅटरीवरच्या ग्राइंडरबद्दलही विचारणा वाढली आहे. तोलाच्या दृष्टीने त्याची एक बाजू चांगली आहे: बॅटरी शेपटाला बसते आणि डोक्याचा भार काही प्रमाणात सावरते. एकूण वजन वाढतं आणि तरी मनगटावरचा पीळ कमी होऊ शकतो. वर मांडलेलं दीड आणि दोन किलोचं उदाहरण तेच सांगतं. बागेत, जिथे वीज पाळीने येते आणि केबल शंभर फूट ओढावी लागते, तिथे ते सोयीचं. दिवसभर बर काढायला अजून नाही; बॅटऱ्या पुरत नाहीत आणि किंमत अंगावर येते.

हातमोज्यांनी कंप अडतो का, हाही नेहमीचा प्रश्न. थोडासा, आणि तोही खास बनवलेल्यांनी. बाजारातले सुती हातमोजे ठिणगी आणि कड यांपासून वाचवतात, कंपापासून नाही. जाड हातमोज्याने घेर वाढतो, मूठ आणखी आवळावी लागते, आणि सुटलेला धागा चकतीत ओढला जायची भीती वेगळी.

मग दुकानात काय करावं? मशीनला गार्ड, मूठ आणि चकती लावून मागावं. केबल सोडून, काम करतो त्या कोनात, कोपर अंगाजवळ ठेवून मिनिटभर तसंच धरावं. पहिल्या दहा सेकंदांत सगळीच मशीनं चांगली वाटतात. मग उजव्या हाताची पकड सैल करावी आणि डोकं किती झटकन खाली जातं ते पाहावं. नवी चकती लावून बिनकामाचं चालू करावं आणि बंद करून थांबेपर्यंत हातात ठेवावं. दुकानदार म्हणेल, डबा फोडला की माल जुना झाला. एक मशीन घेणाऱ्याला तो तसं म्हणू शकतो. पण या दोन जिल्ह्यांत ग्राइंडर एकेकट्याने कमी आणि घाऊक जास्त विकले जातात: कारखाना घेतो, फाउंड्री घेते, ठेकेदार दहा-दहा घेतो. घाऊक गिऱ्हाइकाने दोन मॉडेलं आठवडाभर शेडमध्ये मागितली तर नाही म्हणायची कुणाची छाती नाही. आणि त्या आठवड्याचा निकाल सुपरवायझरला न विचारता धरणाऱ्याला विचारावा, तोही पाळी संपताना. मोजायचं असेल तर तेही सोपं आहे: दोन्ही मशीनवर पाळीत किती नग झाले, किती चकत्या गेल्या, किती नग परत घासायला आले. थकलेल्या हाताने घासलेला सांधा खोल जातो आणि परत वेल्डिंगला येतो; तो खर्च मशीनच्या किमतीतल्या फरकापेक्षा लवकर दिसतो. हाताचं दुखणं मालकाच्या वहीत कुठेच लिहिलं जात नाही, पण परत आलेला नग लिहिला जातो.

साखर कारखान्याच्या किंवा मोठ्या फाउंड्रीच्या खरेदी खात्यात कोटेशनं आली की तुलनात्मक तक्ता बनतो: कंपनी, मॉडेल, वॉट, दर, जीएसटी, वॉरंटी. देखभालीच्या महिन्यांआधी तो तक्ता पुन्हा बनेल. त्यात कंपाचा आकडा, अंगाचा घेर आणि मूठ बसवायच्या जागा असे तीन रकाने घालायला कुठल्या ठरावाची गरज नाही. ते भरून मागितले की पुरवठादाराला पुस्तिकेचं मागचं पान उघडावंच लागेल.